वळणाआधीचा ब्रेक



ज्येष्ठांच्या आरोग्याच्या सदरात मोटारींच्या शर्यतीचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येईल. माझ्याही मनात तो आलाच असता. परंतु आमच्या पिशोरच्या घरी एका शर्यतीच्या बातमीने जे साधले, ते अनेक महिन्यांच्या विनवण्यांनी साधले नव्हते. म्हणून हा लेख.

पुण्याच्या डायना पुंडोले यांचे नाव आपण कदाचित वाचले असेल. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर त्यांनी एमआरएफ सलून गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. पुरुष स्पर्धकांबरोबर एकाच धावपट्टीवर उतरून मोटार शर्यतीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पेशाने शिक्षिका आणि दोन मुलांची आई. वाहनांचे वेड त्यांना वडिलांकडून मिळाले. मात्र हा विजय पाहण्यास वडील हयात नव्हते.

ही बातमी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, ओसरीवर बसून दोनदा वाचली. अण्णांचे वय तेव्हा शहात्तर. चाळीस वर्षे त्यांनी स्वतः गाडी चालवली. आजारी माणसाला तालुक्याला कन्नडला किंवा संभाजीनगरला घाटी रुग्णालयात न्यायचे, तर गल्लीतले लोक आधी आमचेच दार ठोठावत. त्या उन्हाळ्यात कन्नडहून परतताना तिन्हीसांजेला समोरून प्रखर दिवे आले आणि पुढे चाललेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर अण्णांना दिसलाच नाही. मी ओरडले. गाडी हातभर अंतरावर थांबली. घरी आल्यावर त्या प्रसंगाविषयी कुणीही बोलले नाही. अण्णा तर नाहीच नाही.

वाचकहो, असे मौन अनेक घरांत असते. वडीलधाऱ्यांना ‘आता गाडी चालवू नका’ असे सांगणे, म्हणजे त्यांच्या हातून केवळ चाक काढून घेणे नव्हे. घरातले त्यांचे स्थानच काढून घेतल्यासारखे त्यांना वाटते. म्हणून मुले गप्प राहतात, आणि ज्येष्ठ मनातल्या मनात भीत राहतात.

येथे शर्यतीचे शास्त्र उपयोगी पडते. शर्यत म्हणजे बेफाम वेग, हा आपला गैरसमज आहे. निष्णात चालक वळणात शिरल्यावर नव्हे, वळण येण्यापूर्वीच ब्रेक लावतो. त्याची नजर बॉनेटवर नसते, वळणाच्या पलीकडे असते. अग्निरोधक पोशाखात, तापलेल्या गाडीत घामावाटे शरीरातले पाणी झपाट्याने घटते. म्हणून पाणी, झोप आणि आहार यांची शिस्त त्याला पाळावी लागते. डोळे, मान, पाय आणि मन यांपैकी एकही थकले, तर त्याने गाडीत बसू नये.

हीच कसोटी आपण स्वतःला लावून पाहावी. साठीच्या सुमारास डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या जवळपास एक-तृतीयांश उरतो. मोतीबिंदू असेल, तर समोरच्या दिव्यांनी डोळे अधिकच दिपतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. तेवढ्या क्षणात पाय ब्रेकवर पोचायला हवा. मान पुरेशी वळत नसेल, तर बाजूने येणारी दुचाकी दिसत नाही. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी आणि झोपेच्या औषधांनी गुंगी येते. इन्शुलिन वा मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर एकाएकी उतरू शकते. आपल्या औषधांविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, ‘ही घेऊन मी गाडी चालवू का?’

थांबणे म्हणजे हरणे नव्हे, हेही शर्यतीनेच शिकवले आहे. इटलीच्या मारिया तेरेसा दे फिलिपीस या १९५८ साली फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरणाऱ्या पहिल्या महिला. १९५९ मध्ये त्यांचे सहकारी जाँ बेहरा शर्यतीत मृत्युमुखी पडले आणि मारिया तेरेसा यांनी स्पर्धांना निरोप दिला. पुढे त्यांनी संसार केला आणि वीस वर्षांनी माजी चालकांच्या मंडळात त्या पुन्हा या विश्वाशी जोडल्या गेल्या. २०१६ साली वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. चाक सुटले तरी नाते सुटले नव्हते.

आता घराकडे येऊ. दोन मुलांची आई शर्यतीला जाऊ शकते, ती मागे घर सांभाळणारे कुणी असते तेव्हाच. आपल्यापैकी अनेक आजी-आजोबा हे काम करतातच. त्याच्या पुढची एक पायरी मी सुचवते. घरातल्या सुनेला, लेकीला, नातीला गाडी शिकू द्या. जमल्यास स्वतः शिकवा. छातीत कळ आली किंवा तोंड वाकडे होऊन हात लुळा पडला, तर प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्णवाहिकेला उशीर होत असेल, तर घरात गाडी चालवणारे दुसरे माणूस असणे हेच औषध ठरते. रुग्णाने स्वतः चाक मुळीच हाती घेऊ नये.

त्या दिवशी अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली, खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, “उद्या शिकाऊ लायसनचं बघ. ते हाती आलं की सकाळच्या पारी माळावर गाडी काढू. मी शेजारी बसतो.” पहिल्या आठवड्यात माझी गाडी दहा वेळा बंद पडली. अण्णा एकदाही रागावले नाहीत, फक्त दर वळणाआधी म्हणत, “आधी ब्रेक, सूनबाई. मग वळण.”

पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी संभाजीनगरला मीच गाडी नेली. परतताना ते शेजारी बसून रस्त्याकडे पाहत होते. पिशोरचा फाटा जवळ आला, तसा मी वेग कमी केला. अण्णांनी मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षांत गाडीत त्यांना डुलकी लागलेली मी प्रथमच पाहिली.