रिकाम्या परतीचं भाडं
वाट आणि वाहन / वाटसरू

बीड सोडून मांजरसुंब्याकडे निघालं की पाली लागते. तिथल्या एखाद्या कुटुंबानं सहा दिवसांत कोकण किनारा करून यायचं ठरवलं, तर गाडीभाडं किती होईल ते कागदावर मांडून पाहू. पाली ते अलिबाग चारशेच्या आसपास किलोमीटर. तिथून मुरूड, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण असं किनाऱ्याकिनाऱ्यानं वेंगुर्ल्यापर्यंत उतरायचं, ते साधारण साडेचारशे. वेंगुर्ल्याहून आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर, पंढरपूरमार्गे घर गाठायचं, ते पाचशे. एकूण साडेतेराशे. गाडीवाल्याचा हिशेब मात्र दिवसाला किमान ३०० किलोमीटरचा असतो, म्हणजे सहा दिवसांचे १,८००. किलोमीटरला १३ रुपये धरले तर २३,४०० रुपये होतात. चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग आणि फेरीबोटीचं तिकीट निराळं.

आता याच आकड्यांकडे जरा बारकाईनं पाहा. समुद्राच्या काठानं गाडी धावली साडेचारशे किलोमीटर, त्याचे झाले ५,८५० रुपये. गाडी न धावताच बिलात आलेले किलोमीटरही साडेचारशेच, त्याचेही ५,८५०. म्हणजे किनाऱ्यावर फिरायला जेवढे पैसे लागले, तेवढेच किनाऱ्यावर गाडी उभी राहिली म्हणून लागले. उरलेले अर्धे पैसे बालाघाटातून समुद्रापर्यंत जाण्यायेण्यात गेले.

'मग नुसतं अलिबागला सोडा, पुढचं आम्ही बघतो,' असं सांगून पाहा. गाडीवाला चारशेचे आठशे किलोमीटर लावतो आणि १०,४०० सांगतो. सोडायची गाडी आणि जाऊन-येऊन गाडी यांचा दर आपल्याकडे एकच, कारण गाडी रिकामी परत येणार हे दोघांनी आधीच गृहीत धरलेलं असतं. कोकण किनारा मात्र एका टोकाला धरायचा आणि दुसऱ्या टोकाला सोडायचा असा प्रवास आहे. स्वतःची गाडी अलिबागेत ठेवली, तर ती आणायला वेंगुर्ल्याहून पुन्हा उलटं कोण जाईल? एकेरी प्रवासाला एकेरी भाडं मिळत नाही, आणि याचा सगळ्यांत मोठा फटका बसतो तो विमानतळ आणि महानगरं यांपासून लांब राहणाऱ्यांना. पुण्या-मुंबईच्या प्रवाशासाठी ॲपवर एकेरी टॅक्सी निघते, कारण तिथून सुटलेल्या गाडीला परतीचं गिऱ्हाईक मिळायची आशा असते. पालीसाठी तशी आशा कोणी धरत नाही. ॲपवर नुसतं 'पाली' टाकावं, तर बल्लाळेश्वराची रायगडातली पाली समोर येण्याची शक्यताच जास्त. रत्नागिरीजवळ मुंबई-गोवा महामार्गावर आणखी एक पाली आहे, ती वेगळीच.

गाडीवाला लुबाडतो असं मी म्हणत नाही. गाडीचा हप्ता, विमा, टॅक्स आणि चालकाचा पगार गाडी उभी असली तरी सुरूच असतो. रिकाम्या फेऱ्याचं गणित बीड जिल्ह्याला शिकवायचीही गरज नाही. सीताफळं घेऊन वाशीला गेलेल्या टेम्पोचा मालक बाजारात माल उतरवता उतरवताच परतीचा माल शोधायला लागतो. तो मिळाला तर शेतकऱ्याला दर सैल लागतो, नाही मिळाला तर दोन्ही बाजूंचं डिझेल सीताफळांवर चढतं. माल वाहणाऱ्यांनी परतीच्या भाड्याचा बाजार पिढ्यान् पिढ्या उभा केला, त्यात दलाल आले, अड्डे आले. माणसं वाहणाऱ्या गाड्यांसाठी असा बाजार आहे तो चालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर : 'पुणे ते बीड रिटर्न, उद्या सकाळी, गाडी खाली आहे.' ज्याची ओळख आहे त्याला निम्म्या पैशांत गाडी मिळते. ज्याची नाही, तो पूर्ण पैसे भरतो आणि गाडी तरीही रिकामीच परतते.

दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक असलं की एकेरी भाडं कसं आपोआप येतं, ते कोकणातल्या खाड्यांवर पाहायला मिळतं. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून वाशिष्ठीच्या खाडीवर मोटारी पलीकडे नेते. बाणकोटच्या खाडीवर वेसवी-बागमांडला आहे, राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी आहे, जयगडच्या खाडीवर जयगड-तवसाळ आहे. यांतली कोणतीही बोट पलीकडे गेल्यावर रिकामी परत यायचे पैसे तुमच्याकडून घेत नाही, कारण पलीकडच्या धक्क्यावरही गाड्या रांगेत उभ्या असतात. एसटीचंही तसंच. बीडहून पुण्याला जाणाऱ्या माणसाला कंडक्टर परतीच्या फेरीचं तिकीट घ्यायला सांगत नाही.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाचा विचार बॅ. अ. र. अंतुले यांच्या काळापासून चालू आहे. आता या खाड्यांवर मोठे पूल बांधायचं काम सरकारनं हाती घेतलं आहे. पूल झाले की वळसे आणि वेळ दोन्ही वाचतील, त्याचं स्वागतच आहे. पण बिलातला 'दिवसाला ३०० किलोमीटर' हा आकडा पुलानं कमी होत नाही. रस्ता जितका आखूड होईल, तितके न धावलेले किलोमीटर वाढतील. रस्त्यावर हजारो कोटी खर्च करणाऱ्या सरकारनं त्या रस्त्यावर गाडी कशी मिळते, याचाही थोडा विचार करायला हवा.

स्वतः चालवायला गाडी भाड्यानं घ्यावी, तर तिथं कायदाच आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ७५ खाली केंद्र सरकारनं १९८९ मध्ये 'रेंट-अ-कॅब' योजना आणली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या गाड्या गोव्यात जागोजागी दिसतात, त्या या प्रकारातल्या. परवाना हवा असेल तर निदान ५० गाड्या पाहिजेत आणि त्यातल्या निम्म्या वातानुकूलित, अशी अट या योजनेत घातली गेली. पन्नास गाड्यांचा मालक पुण्या-मुंबईत सापडतो. बीडमध्ये किंवा गुहागरमध्ये तो कुठून आणायचा? ज्या कंपन्या आहेत, त्यांतल्या बहुतेक 'गाडी घेतली तिथंच परत आणा' म्हणतात. म्हणजे पुण्यात घ्या, वेंगुर्ल्यापर्यंत जा आणि पुन्हा पुण्याला या. पालीकराच्या नशिबी रिकामा फेरा आहेच, फक्त तो आता स्वतः चालवायचा.

मग सापडतो सगळ्यांना माहीत असलेला आडमार्ग. कुणाच्या तरी भाच्याची अर्टिगा, पाटी पांढरी, 'डिझेल तुमचं आणि दिवसाचे दोन हजार द्या.' रस्त्यात पोलिसानं विचारलं तर 'पाहुण्यांची गाडी आहे' म्हणायचं. यावर माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नका. परवान्याशिवाय खासगी गाडी भाड्यानं चालवली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंडापेक्षा विम्याची भीती मोठी आहे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्यानं किंवा मोबदला घेऊन केलेला वापर वगळलेला असतो. परशुराम घाटात काही झालं, तर विमा कंपनी सगळ्यांत आधी हेच विचारते की गाडीत बसलेल्यांनी पैसे दिले होते का. दोन हजारांत गाडी मिळते ती या सगळ्याचा खर्च त्यात धरलेला नसतो म्हणून.

परदेशात एकेरी गाडी हा रोजचा व्यवहार आहे. कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबं सॅन फ्रान्सिस्कोत गाडी घेतात, हायवे वननं समुद्राच्या कडेकडेनं खाली उतरतात आणि लॉस एंजेलिसच्या विमानतळावर गाडी सोडून मोकळी होतात. त्यासाठी बहुधा वेगळं शुल्क पडतं, पण ते आधी सांगितलेलं असतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर आणखी गंमत आहे. मोसमात सगळ्या गाड्या एका टोकाला जमा होतात आणि कंपन्यांना त्या परत हव्या असतात. मग परतीच्या दिशेनं जाणाऱ्या माणसाला कॅम्परव्हॅन दिवसाला एका डॉलरला सुद्धा मिळते, अट एवढीच की ठरल्या दिवशी ती दुसऱ्या शहरात पोचवायची. रिकाम्या परतीचा खर्च पहिल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात न मारता कंपनी ती परतच विकून मोकळी होते.

आपल्याकडे असा एक प्रयोग रेल्वेनं केला. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाडहून मालट्रक गाडीवर चढवून नेते. २०२५ च्या गणपतीत तिनं हीच सोय मोटारींसाठी आणली. कोलाड ते गोव्यातलं वेर्णे, एका मोटारीला ७,८७५ रुपये, एका गाडीत चाळीस मोटारी. सुरुवातीला प्रतिसाद थंडा मिळाला, कारण मुंबईच्या माणसाला कोलाडपर्यंत आधी गाडी हाणत यावं लागत होतं, आणि सिंधुदुर्गात उतरायचं असलेल्याला वेर्णे फार पुढं पडत होतं. नंतर सिंधुदुर्गातल्या नांदगावला थांबा देऊन पाहिला. मला ही कल्पना टाकून द्यायची वाटत नाही. किनाऱ्यानं गाडी चालवत खाली जायचं आणि दमल्यावर ती रेल्वेवर चढवून वर यायचं, हा प्रवास एकेरीच झाला. गणपतीच्या गर्दीत हा धंदा मार खातो, पण डिसेंबर-जानेवारीच्या पर्यटनाच्या दिवसांत परतीच्या दिशेनं तो चालेल की नाही, हे पाहायला काय हरकत आहे?

सरकारनं करण्यासारखी दोन कामं आहेत आणि दोन्हींना पूल बांधण्याएवढा खर्च येत नाही. पहिलं राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, म्हणजे एमटीडीसीचं. महामंडळाची निवासस्थानं हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर, तारकर्ली अशी किनाऱ्यावर ओळीनं बसलेली आहेत. तिथं खोली आहे, वाहनतळ आहे, माणूस आहे, पावतीपुस्तक आहे. गाडी हरिहरेश्वरला घ्यायची आणि तारकर्लीला सोडायची, एवढी सोय याच जागांवर करता येईल. मुंबईहून खाली उतरणारे असतात तसे गोव्याहून वर येणारेही असतात. गाड्या एका टोकाला तुंबल्या तर परतीच्या दिशेला सवलत लावायची, ऑस्ट्रेलियात लावतात तशी.

दुसरं काम पन्नास गाड्यांच्या अटीचं. ही अट एका मालकावर न लावता सहकारी संस्थेवर लावा. दापोलीतल्या चार, गुहागरच्या सहा, मालवणच्या दहा अशा गाड्यांचे मालक एकत्र आले की पन्नासचा आकडा सहज भरतो. ऊस, दूध आणि सूत यांच्यासाठी सहकार उभा करणाऱ्या या राज्याला टॅक्सीसाठी तो अवघड का जावा?

यावर स्थानिक टॅक्सीवाल्यांचा एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गोव्यात बाहेरच्या गाड्या आणि ॲप यांच्याविरुद्ध टॅक्सीचालक वर्षानुवर्षं का भांडतात, ते नीट समजून घ्यावं. चार महिने पावसात धंदा बसलेला असतो, उरलेल्या आठ महिन्यांत वर्ष काढायचं असतं. बाहेरून एकेरी गाड्या ओतल्या तर त्यांच्या ताटातलं जाईल. म्हणूनच संस्था स्थानिक मालकांची हवी आणि गाडी चालकासहही मिळायला हवी. दापोलीचा चालक तुम्हाला फेरीबोटीनं गुहागरला सोडून संध्याकाळी घरी जेवायला परत जातो. त्याचा रिकामा फेरा काही तासांचा आणि मोजक्या किलोमीटरचा. पालीहून आणलेल्या गाडीचा पाचशे किलोमीटरचा. हा लांबलचक फेरा तोडून त्याचे तुकडे केले, की प्रत्येक तुकड्याचं भाडं कमावणारा माणूस त्या त्या गावचाच राहतो.

हे सगळं होईल तेव्हा होईल. पालीकरांना तोवर सुट्टी घालवायची आहेच, आणि टप्प्याटप्प्यानं जाणं त्यांना आजही शक्य आहे. समुद्रापर्यंत आणि समुद्रापासून घरचे पल्ले एसटीनं करा. घरातल्या बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना प्रवास फुकट आहे. पायात भिंगरी असलेल्यांसाठी चार आणि सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास १९८८ पासून चालत आला आहे, आणि दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी एसटीची आगारं किनाऱ्यावर आहेतच. सप्टेंबर २०२५ पासून बीड-अहिल्यानगर रेल्वेही सुरू झाली. मंजुरीनंतर तीस वर्षांनी का होईना, आली. किनाऱ्यावर पोचल्यावर गावागावात दिवसाची स्थानिक टॅक्सी ठरवा. यात सामान चार वेळा उतरवावं लागेल, आदल्या रात्री फोन करावे लागतील, आणि गुडघे दुखणाऱ्या आईला एसटीची पायरी चढताना हात द्यावा लागेल. सोबत फार म्हातारी माणसं किंवा तान्ही लेकरं असतील तर सरळ घरून गाडी करा, त्यात कमीपणा नाही.

घरूनच गाडी करायची ठरलं, तर सहलीच्या तारखा पक्क्या करण्याआधी तीन-चार गाडीवाल्यांना विचारा की कोकणात किंवा पुण्याला कुणाची गाडी कधी खाली जाते आणि कधी खाली येते. त्यांच्या रिकाम्या फेऱ्याला तुमच्या तारखा जुळल्या तर दर पाडून मागा, तो मिळतो. आणि भाडं ठरवताना किमान किलोमीटर, भत्ता, रात्रीचा आकार आणि फेरीबोट हे चारही आकडे मोबाइलवर लिहून घ्या. वेंगुर्ल्याला उतरल्यावर या चार आकड्यांवरून भांडत बसण्यापेक्षा ते पालीतच भांडलेलं बरं.