स्टॉक सिंक करण्याआधी स्टॉक एक करा



व्हिडिओत आपण स्टॉक सिंक करणारं सॉफ्टवेअर स्क्रीनवर बघितलं. एका ठिकाणी विक्री झाली की बाकी सगळीकडचा आकडा आपोआप कमी होतो. बघायला छानच वाटतं. पण शहापूर, मुरबाड, खर्डी, कसारा या पट्ट्यात घरातून किंवा बचत गटातून धंदा करणाऱ्या बहुतेकांना आज ते विकत घ्यायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचा माल दोनदा विकला जातो तो ॲमेझॉन आणि मीशो एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून कमी, आणि घरात नक्की किती माल आहे हे घरातच कुणाला माहीत नसतं म्हणून जास्त.

हा प्रश्न आत्ताच का आला, तेही सांगतो. पूर्वी ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर माल विकायचा म्हणजे उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी नंबर लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला नोंदणी क्रमांक घेऊन, जीएसटीशिवाय, आपल्याच राज्यात ऑनलाइन विकता येतं. दार उघडलं आणि आपल्याकडच्या ताया, दादा एकदम तीन-तीन ठिकाणी दिसायला लागले. चांगलंच झालं. पण दुकानं तीन झाली आणि फडताळ एकच राहिलं.

समजा, कसाऱ्यातल्या एका ताईंकडे करवंदाच्या लोणच्याच्या १० बरण्या उरल्यात. ॲमेझॉनवर १० दाखवल्या, मीशोवरही १०, आणि व्हॉट्सॲप कॅटलॉगवर नुसतंच 'उपलब्ध'. शनिवारी रात्री ॲमेझॉनवर ६ गेल्या, मीशोवर ५. रविवारी हायवेच्या स्टॉलवर जाऊबाईंनी ३ विकल्या, रोख पैसे घेतले, घरी सांगायचं राहिलं. झाल्या १४. आता चार गिऱ्हाइकांना काय सांगणार? करवंद मे महिन्यात येतं. ऑगस्टमध्ये चार बरण्या नव्याने घालता येत नाहीत. शर्टचा कारखाना असता तर रात्रपाळी लावली असती.

या चार 'नाही'ची किंमत मोजा. ॲमेझॉनवर तुम्ही माल स्वतः पाठवत असाल तर विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरचं प्रमाण २.५ टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं, आणि ते सात-सात दिवसांचं मोजलं जातं. मोठ्या विक्रेत्याला हा आकडा सोपा वाटतो. तुमचं गणित वेगळं आहे. आठवड्याला १२ ऑर्डर असतील आणि एक रद्द केली, तर प्रमाण थेट ८ टक्क्यांच्या वर जातं. एक रद्द ऑर्डर पचवायला आठवड्याला ४० पेक्षा जास्त ऑर्डर लागतात. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा असला तरी लहान माणसाला एकही चूक परवडत नाही. आकडा वारंवार ओलांडला तर विक्री थांबवली जाऊ शकते. खातं गटाच्या नावावर असेल तर ज्या बाईने बरणी विकली तिचेच नाही, गटातल्या सगळ्यांचे पैसे अडकतात.

म्हणून मी म्हणतो, आधी मोजायला शिका. आणि मोजणं वाटतं तेवढं सोपं नसतं.

आपल्या तालुक्याचंच उदाहरण घ्या. शहापूरच्या कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेमार्फत गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. वन धन योजनेत ते काम वाढलं, आणि हिमालया, डाबर, बैद्यनाथ अशा कंपन्यांकडून १.५७ कोटी रुपयांच्या ऑर्डर मिळाल्याचं २०२१ मध्ये सरकारकडून जाहीर झालं. कसाऱ्याच्या आसपासच्या जंगलातली वेल तिथपर्यंत पोचली याचा आपल्याला अभिमान हवाच. पण धंद्याच्या नजरेने बघा, हा माल मोजायला किती अवघड आहे. जंगलातून येते ओली वेल, वाळवली की वजन बरंच उतरतं, कंपनीला जाते ती टनात आणि किरकोळ गिऱ्हाइकाला पावडर जाते पुड्यांत. ओलं, वाळलेलं आणि पुडीतलं असे तीन आकडे एकाच वहीत एकाखाली एक लिहिले तर बेरीज करणारा देवसुद्धा चुकेल.

तुमचा धंदा पुड्यांचा असेल तर हे नीट लक्षात घ्या. घरात २० किलो नाचणीचं पीठ आहे. १०० ग्रॅमच्या पुड्या केल्या तर २००, पाव किलोच्या केल्या तर ८०. बरेच जण साइटवर २०० सुद्धा टाकतात आणि ८० सुद्धा. म्हणजे एकाच प्लॅटफॉर्मवर, दुसरं दुकान न उघडताच, २० किलोचे ४० किलो झाले! वर 'पीठ अधिक पापड' असा कॉम्बो असेल तर आणखी गोंधळ. सॉफ्टवेअर हे पकडेल का? तुम्ही त्याला दोन्ही पुड्या एकाच पोत्यातल्या आहेत असं सांगितलं तर पकडेल. नाही सांगितलं तर चुकीचा आकडा चारही ठिकाणी विजेच्या वेगाने पोचवेल.

माझी पद्धत अशी: जे पॅक झालंय तेच ऑनलाइन दाखवायचं. पोत्यातलं पीठ म्हणजे स्टॉक नाही, तो कच्चा माल. ५० पुड्या भरून, लेबल लावून, फडताळावर ठेवल्या की मग ५०.

आता वाटणीकडे या. कसाऱ्याला राहणाऱ्याला रेल्वे शिकवायला नको, पण आरक्षणाचा इतिहास या विषयाला अगदी फिट बसतो. संगणक येण्याआधी गाडीतल्या जागा रजिस्टरमध्ये लिहिल्या जायच्या. वेगवेगळ्या स्टेशनांना ठरावीक जागांचा कोटा दिलेला असायचा. तिथला बाबू तेवढ्याच जागा देणार, कोटा संपला की खिडकीवर 'नाही'. दोन स्टेशनांतल्या बाबूंना एकमेकांशी बोलायची गरजच नव्हती, तरी एक बर्थ दोघांना जायची भीती कमी. पुढे १९८५ मध्ये दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झालं, हळूहळू देशभरची केंद्रं जोडली गेली, २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट मिळायला लागलं. आज कुठल्याही खिडकीवरून आणि कुठल्याही फोनवरून एकाच यादीतली जागा जाते. यालाच आपण सिंक म्हणतो. रेल्वेसुद्धा आधी कोट्यावर चालली, मग सिंकवर गेली, आणि कोटा तिने अजूनही पूर्ण सोडलेला नाही.

तुम्हीही कोट्यापासून सुरुवात करा. ४० बरण्या आहेत ना? स्टॉलला १०, व्हॉट्सॲपला १२, ॲमेझॉनला १०, मीशोला ५, आणि ३ कुठेच दाखवायच्या नाहीत. फुटतात, गळतात, एखादी मोजण्यात चुकते, त्यासाठी त्या तीन. फडताळावर खडूने रेघा मारा किंवा चार खोकी ठेवा. स्टॉलच्या खोक्यातलं संपलं तर ॲमेझॉनच्या खोक्याला हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर आधी फोनवर ॲपमधला आकडा कमी करायचा आणि मगच बरणी उचलायची. हा क्रम उलटा झाला की घोटाळा झालाच म्हणून समजा. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं खोकी बघा, जिथे माल पडून आहे तिथला थोडा दुसरीकडे फिरवा.

यात तोटा आहे, लपवत नाही. मीशोवरच्या ५ संपतील, गिऱ्हाईक परत जाईल, आणि व्हॉट्सॲपच्या खोक्यात ६ पडून असतील. चालेल. पडून राहिलेली बरणी पुढच्या आठवड्यात विकली जाते. रद्द केलेली ऑर्डर मात्र रेकॉर्डवर राहते आणि गिऱ्हाईक रिव्ह्यूत लिहून जातं. माल शेवटच्या चार-पाच नगांवर आला की मी तर सांगतो, एकच ठिकाण चालू ठेवा आणि बाकी सगळीकडे शून्य करा. दुप्पट विक्री होते ती बहुधा याच शेवटच्या नगांत. सॉफ्टवेअरलासुद्धा आकडा पोचवायला थोडा वेळ लागतो, आणि घाटात नेटवर्क गेलं की तुम्ही हाताने बदललेला आकडाही अडकून बसतो.

व्हॉट्सॲपबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडची खरी गळती तिथे आहे. "ताई, माझ्यासाठी दोन बाजूला ठेवा हां, रविवारी घेऊन जाते." हे वाक्य कुठल्याही सॉफ्टवेअरला ऐकू येत नाही. ठाण्याच्या मावशी, डोंबिवलीची वहिनी, शाळेतल्या बाई, सगळ्यांनी तोंडी सांगून ठेवलेलं असतं आणि आपण भिडेपोटी 'हो' म्हणतो. मावशींना नाराज करा असं मी म्हणत नाही. पण 'हो' म्हणताच वहीत एक ओळ पडली पाहिजे आणि खोक्यातून दोन बरण्या वेगळ्या झाल्या पाहिजेत. पैसे आले तर पक्कं, रविवार संध्याकाळपर्यंत आले नाहीत तर पुन्हा मोकळं. मावशींना हे आधीच गोड शब्दांत सांगा, त्या समजून घेतात. म्हसाच्या जत्रेला किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसला माल नेतानाही तेच. टेम्पोत चढलेला माल चार दिवस ऑनलाइनसाठी नाहीच असं धरायचं. तो परत घरी येऊन मोजला गेला की मगच पुन्हा आकड्यात घ्यायचा.

यावर एक युक्तिवाद नेहमी येतो. सर, कॅश ऑन डिलिव्हरीतल्या बऱ्याच ऑर्डर परतच येतात, मग थोडं जास्त विकलं तर काय बिघडलं? विमान कंपन्यासुद्धा जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात की! विकतात, खरं आहे. पण किती प्रवासी येणार नाहीत याचा वर्षानुवर्षांचा हिशेब त्यांच्याकडे असतो, आणि अंदाज चुकला तर भरपाईचा नियमही असतो. तिकीट असून विमानात घेतलं नाही आणि पुढच्या २४ तासांतही दुसरी सोय केली नाही, तर आपल्या देशात ती २०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकते. ते हा खर्च धरून चालतात. तुमच्याकडे ना तेवढ्या वर्षांचा हिशेब, ना तेवढे पैसे. शिवाय परत आलेला माल पुन्हा विकण्यासारखा असतोच असं नाही. खाण्याची वस्तू असेल, सील हललं असेल, तर ती विषय संपली. म्हणून परत आलेलं पार्सल उघडून बघेपर्यंत आकड्यात धरू नका. काही सिस्टिम रिटर्न आलं की आपोआप एक नग वाढवतात. तुमची वाढवत असेल तर ती सेटिंग बंद करा.

मालाऐवजी हात विकणाऱ्यांचं, म्हणजे वारली चित्रं, बांबूकाम, शिवणकाम करणाऱ्यांचं, गणित आणखी वेगळं. तिथे स्टॉक म्हणजे दिवस. महिन्यात हातून २० चित्रं होत असतील तर सगळी ठिकाणं मिळून २० च ऑर्डर, आणि पाठवायची मुदत दोन दिवसांची न ठेवता तुम्हाला खरोखर लागते तेवढी ठेवा. रेल्वे वेटिंग लिस्ट देते तेव्हा प्रवाशाला माहीत असतं की आपण वेटिंगला आहोत. तसं उघडपणे 'ऑर्डरनंतर १५ दिवसांत' असं लिहिलं तर गिऱ्हाईक थांबतं. दोन दिवसांत सांगून पंधराव्या दिवशी दिलं तर भांडतं.

मग सॉफ्टवेअर कधी घ्यायचं? कसाऱ्याला गाडीला बँकर इंजिन लावतात ते पुढे इगतपुरीपर्यंत घाट चढायचा असतो म्हणून. आसनगावला सपाटीवर कुणी लावत नाही. माझ्या अंदाजाने रोजच्या १५-२० ऑर्डर, तीन किंवा जास्त ठिकाणं आणि ३०-४० वेगवेगळ्या वस्तू झाल्या की हाताने कोटा फिरवणं अशक्य होतं. तेव्हा झोहो इन्व्हेंटरी, युनिकॉमर्स अशांपैकी काहीतरी जरूर बघा. ओएनडीसीवर जाणार असाल तर एक सोय आहे. तिथे तुमचा माल अनेक खरेदीच्या ॲपवर दिसतो, पण आकडा तुमच्या एकाच विक्रेता ॲपमध्ये राहतो, त्यामुळे त्या सगळ्या ॲपना मिळून एकच खोकं पुरतं.

आणि सॉफ्टवेअर घ्यायच्या आठवडाभर आधी एक काम उरका. प्रत्येक वस्तूला एकच कोड द्या. करवंद लोणचं २०० ग्रॅम ॲमेझॉनवर एका नावाने, मीशोवर दुसऱ्या, वहीत तिसऱ्या असेल तर सॉफ्टवेअर त्यांना तीन वस्तू समजेल. कोड साधा ठेवा, वस्तू आणि वजन कळेल असा, आणि बरणीच्या लेबलवरही छापा, म्हणजे स्टॉलवर जाऊबाईंना विकताना तोच कोड वहीत लिहिता येईल.