पोरक्या गाडीचे पालकत्व

गेल्या रविवारी सकाळी, दौंडकडे जाणारी गाडी मांजरी बुद्रुकचे स्थानक सोडून नुकतीच गेली होती, तोच माझा धाकटा भाचा दारात येऊन उभा राहिला आणि चहाची वाट न पाहता त्याने मोबाइलवरचे एक छायाचित्र माझ्यापुढे धरले. लाल रंगाची, पुढे झेपावण्याच्या पवित्र्यात असलेली, अंगभर आवरण ल्यालेली एक स्पोर्ट मोटारसायकल. ह्योसंग जीटी २५० आर, २०१२ सालची नोंदणी, एमएच १२ ची पाटी. "मामा, घेऊ का?" एवढाच त्याचा प्रश्न. त्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेले होते हे खरे. तरीही तो विचारावयास आला, याचा अर्थ त्याच्या मनात कोठेतरी शंकेला जागा होती, आणि त्या जागेचा मान राखून मी त्यास तत्काळ होकार वा नकार दिला नाही. आठवडाभर आम्ही दोघांनी या एका प्रश्नाचा जो विचार केला, तो आज या स्तंभात मांडतो. कारण नामांकित कंपनीच्या छायेबाहेरची जुनी गाडी घ्यावी की न घ्यावी, हा पेच एकट्या माझ्या भाच्याचा नाही.

या गाडीची कुळकथा महाराष्ट्राच्या मातीत जितकी मिसळलेली आहे, तितकी फार थोड्या परदेशी गाड्यांची असेल. ह्योसंग ही दक्षिण कोरियातील कंपनी; १९७८ साली स्थापन झाली आणि जपानच्या सुझुकीच्या तांत्रिक साहाय्याने गाड्या बांधता बांधता स्वतःच्या गाड्या रचावयास शिकली. आमच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात ज्याने कधी पाऊल टाकले असेल त्यास डॉगरिजच्या खुंटावर हव्या त्या वाणाचे कलम भरण्याची रीत ठाऊक असते. सुझुकीच्या विद्येच्या खुंटावर भरलेले हे कोरियन कलम होते, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. ते कलम आपल्याकडे आणून लावण्याचा पहिला प्रयत्न अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किनेटिकने या शतकाच्या आरंभी केला. ज्या घराण्याने लुना घरोघर पोहोचवली, त्यानेच कॉमेट आणि अक्विला या दोन अडीचशे घनसेंटिमीटरच्या गाड्या, शंभर-दीडशेच्या गाड्यांत रमलेल्या ग्राहकापुढे ठेवल्या. ग्राहक थबकला, त्याने कौतुक केले आणि तो पुढे निघून गेला. २००८ साली किनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय महिंद्रांकडे गेला आणि कोरियन पाहुणी प्रथमच पोरकी झाली.

दुसरा पालक गरवारे. २०११ साली गरवारे मोटर्सने साताऱ्याजवळच्या वाईत ह्योसंगच्या गाड्यांची जुळणी सुरू केली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जेथे मराठी विश्वकोशाचे कार्य उभे केले त्या कृष्णाकाठच्या गावी साडेसहाशे घनसेंटिमीटरची दोन सिलिंडरांची इंजिने चौकटीत बसवली जात होती, हा विचार मला आजही विलक्षण आनंद देतो. लवकरच हा कारभार पुण्याच्या डीएसके समूहाकडे आला आणि जीटी २५० आर ही गाडी तरुणांच्या डोळ्यांत भरली. किंमत पावणेतीन लाखांच्या आसपास. इंजिन २४९ घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडर एकमेकांपासून ७५ अंशांच्या कोनात कललेले. ताकद सुमारे २८ अश्वशक्ती. त्या काळी एवढ्या पैशांत दोन सिलिंडरांचा तो भरदार, काहीसा घोगरा स्वर दुसरीकडे मिळणे कठीण होते. पुढे याच समूहाने, इटलीतील पेझारो गावी १९११ साली सुरू झालेली आणि २००५ पासून चीनच्या चियानजियांग कंपनीच्या मालकीची बेनेली येथे आणली. परंतु २०१७-१८ मध्ये डीएसके समूह ठेवीदारांच्या देण्यांच्या प्रकरणात अडकला, आणि त्याबरोबर या गाड्यांची दुकानेही निस्तेज झाली. बेनेलीला हैदराबादच्या महावीर समूहात नवा पालक मिळाला. ह्योसंग २०१८ साली किनेटिकच्याच मोटोरॉयलकडे परतली, पण तेथेही तिची विक्री टिकली नाही. तीन पालक लाभलेली आणि प्रत्येक वेळी पोरकी झालेली ही गाडी आहे.

यात गाडीचा दोष किती, हा प्रश्न माझ्या भाच्याने विचारला, आणि तो योग्यच होता. दोष थोडा, परिस्थिती अधिक. ह्योसंग पुण्यात येत होती त्याच सुमारास चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या गाड्या तयार होऊ लागल्या होत्या. २०१४ साली आरसी ३९० ही ४३ अश्वशक्तीची स्पोर्ट गाडी दोन लाख पाच हजारांस, दिल्लीच्या दराने, बाजारात उतरली. अधिक ताकद, कमी वजन, कमी किंमत, आणि शहराच्या प्रत्येक दिशेस दुरुस्तीचे दालन. या चौरंगी माऱ्यापुढे लांबून सुटे भाग आणून जोडलेली जड गाडी टिकणे अवघड होते. ती हरली ती वेगात नव्हे, पुरवठ्यात हरली. जुनी गाडी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावयाचे ते हेच, कारण तो पुरवठा आज दहा वर्षांपूर्वीपेक्षाही क्षीण झालेला आहे.

आमच्या परिसरात घोड्यांचे संगोपन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. जुने जाणते लोक सांगत की घोडे पाहावयास जाणाऱ्याने त्याचे दात, खूर आणि चाल पाहावीच. पण त्याआधी आपल्या गावात नालबंद आहे की नाही याची चौकशी करावी. मोटारसायकलीचेही तसेच आहे. आपण यंत्र विकत घेतो असे आपणास वाटते. वस्तुतः आपण त्या यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसांची, गुदामांची आणि कारागिरांची एक साखळी विकत घेत असतो, आणि ती साखळी तुटलेली असेल तर किंमत कितीही उतरलेली असो, व्यवहार महागाचाच होतो. हे मी अनुभवाने लिहितो. तरुणपणी मी अशीच एक दुर्मीळ गाडी घेतली होती, आणि तिच्या क्लचच्या पट्ट्यांसाठी विक्रेत्याने दिलेल्या "पुढच्या आठवड्यात" या शब्दावर विसंबून तब्बल आठ महिने ती अंगणात ताडपत्रीखाली उभी ठेवली. त्या आठ महिन्यांत मला पैशांपेक्षा अधिक दुःख कशाचे झाले असेल, तर प्रिय वस्तू डोळ्यांसमोर असून तिचा उपयोग नाही याचे.

म्हणून आम्ही प्रथम कागद पुढे ओढून सुट्या भागांची दोन रकाने असलेली यादी केली. जे भाग सर्व जगाच्या मापाचे आहेत ते एका बाजूस: बेअरिंगवर क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाचे बेअरिंग कोणत्याही कंपनीच्या गाडीस चालते, ऑइल सील मापावर मिळते, केबल मापावर करून घेता येते, ब्रेकचे पॅड आकार जुळवून बसवता येतात, चेन मिळते आणि स्प्रॉकेट कुशल लेथवाला कापून देतो. पुढचा ११०/७० आणि मागचा १५०/७० हे सतरा इंची टायर आजही सहज मिळतात. या साऱ्या गोष्टींसाठी नाना पेठेत एक दुपार घालवण्याची तयारी असली म्हणजे झाले. दुसऱ्या रकान्यात मात्र आवरणाचे फायबर, दिव्याची काच, मीटर, इंधन-अंतःक्षेपण नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू, पिस्टन, व्हॉल्व्ह आणि गिअर. यांना पर्याय नाही. एखाद्या चौकात गाडी नुसती आडवी पडली तरी जे आवरण तडकते, ते परदेशातून मागवताना जकात आणि वाहतूक धरून होणारा खर्च ऐकून भाचा काही वेळ स्तब्ध बसला. पहिल्या रकान्यातील बिघाडाने गाडी आठवडाभर थांबते, दुसऱ्या रकान्यातील एका वस्तूने ती कायमची थांबू शकते.

येथे कोणी म्हणेल की येझदी आणि जावा या गाड्यांचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी त्या आजही पुण्याच्या रस्त्यांवर दिमाखात फिरतात. एस्कॉर्ट्सने काढलेली राजदूत ३५० तिच्या काळी पेट्रोलपिपासू म्हणून अव्हेरली गेली आणि आज रसिक तिला जिवापाड जपतात. हे खरे आहे. परंतु येझदी-जावाची इंजिने दोन आघाती, साधी, अल्प भागांची, आणि गाड्या इतक्या विपुल संख्येने विकल्या गेल्या की सुटे भाग बनवणे हा लघुउद्योगांना किफायतशीर धंदा झाला. राजदूत तेवढी विपुल नव्हती, पण तिला निष्ठावंत जाणकारांचे वर्तुळ लाभले आणि त्यासाठी कित्येक दशके जावी लागली. ह्योसंगच्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनासाठी कोणी साचे पाडील इतक्या गाड्या येथे नाहीत, आणि ते वर्तुळ अजून तयार व्हावयाचे आहे. तिचे चाहते आहेत, अत्यंत निष्ठावान आहेत. पण ते विखुरलेले आहेत.

कागदपत्रांकडे तरुण मंडळी दुर्लक्ष करतात, याचे मला नेहमी वैषम्य वाटते. ज्या मांजरीत जमिनीचा एक गुंठा घेतानासुद्धा माणूस सातबारा पाहतो, इतर हक्कांतला बोजा पाहतो आणि फेरफार मंजूर झाल्याशिवाय सुखाने झोपत नाही, त्याच मांजरीत लाखाची गाडी केवळ किल्ली हातात आली म्हणून आपली झाली असे मानले जाते. नोंदणीपुस्तकावर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा बेबाकी दाखला आणि नमुना ३५ हवा. हस्तांतरणास नमुना २९ आणि ३०. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे असा कायदा आहे. गाडी कोणाच्याही ताब्यात असो, ज्याचे नाव नोंदीत आहे तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईस तोच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे; तेव्हा नाव चढवून घेणे हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. विमा चौदा दिवसांत आपल्या नावे करावा. शिवाय २०१२ सालची गाडी २०२७ साली पंधरा वर्षांची होईल. त्या वेळी तपासणी, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर यांचा खर्च येणार, तो आजच किमतीतून वजा धरला पाहिजे.

एवढे झाल्यावर मी भाच्यास तीन प्रश्न विचारले. रोज कामावर जाण्यास तुझ्याजवळ दुसरी गाडी आहे काय? खरेदीच्या रकमेइतकीच दुसरी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूस ठेवता येईल काय? आणि ती सहा महिने उभी राहिली तर तुझा जीव तिच्यावरून उडेल की अधिक जडेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने झटकन दिली. तिसऱ्यास त्याने वेळ घेतला, आणि त्या विलंबामुळेच मी त्याच्याबरोबर गाडी पाहावयास जाण्याचे कबूल केले.

शेवाळेवाडीच्या बाजूस राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची ती गाडी. आम्ही मुद्दाम न कळवता पहाटे गेलो, कारण इंजिन गार असताना सुरू होताना जे बोलते ते तापल्यावर लपवते. मी हात लावून पाहिला. इंजिन थंड होते. बटण दाबताच दुसऱ्या फेऱ्याला ती सुरू झाली. धूर नाही, आणि दोन्ही सिलिंडरांचा ठेका सम. बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून वेग वाढवला तेव्हा व्होल्टेज चौदाच्या आसपास स्थिर राहिले, म्हणजे रेक्टिफायर शाबूत होता. पुढच्या फोर्कच्या नळीवर तेलाची एक बारीक रेघ होती, डाव्या आवरणावर जुना ओरखडा होता. दोन्ही गोष्टी गृहस्थांनी आम्ही विचारण्यापूर्वीच सांगितल्या.

नंतर त्यांनी घरातून एक लोखंडी पेटी आणली. दुकान बंद होणार याची कुणकुण लागताच त्यांनी जे जे मिळाले ते घेऊन ठेवले होते: गॅस्केटचा संच, क्लचच्या पट्ट्या, दोन केबल, दिव्याची एक कोरी काच, वर्तमानपत्रात गुंडाळलेला इंधनपंप. तळाशी एक वही होती आणि तिच्यात, पहिल्या सर्व्हिसपासून आजतागायत, प्रत्येक तेलबदलाची तारीख आणि किलोमीटर सुवाच्य अक्षरात नोंदलेले होते. भाचा ती वही उभ्याउभ्याच वाचू लागला आणि गाडीकडे पाहावयाचे विसरला.

माझे मत त्याच क्षणी ठरले. ही पेटी नसती तर मी त्यास तेथूनच परत आणला असता. किमतीचे बोलणे येत्या रविवारी व्हावयाचे आहे. फोर्कच्या सीलबद्दल आणि पुढच्या वर्षीच्या पुनर्नोंदणीबद्दल जे कमी करून मागावयाचे ते त्याने मागावे. पेटीची किंमत मात्र निराळी धरावी, आणि ती गृहस्थ सांगतील तेवढी, घासाघीस न करता द्यावी, असे मी त्यास बजावले आहे.

— मांजरीकर