साठ श्रोत्यांची मैफल, सहाशेंचा आवाज

सोसायटीतली कोजागरी, वाचनालयातले कविसंमेलन, देवळाच्या सभामंडपातले कीर्तन, कुणाच्या दिवाणखान्यातली गझलेची बैठक असे छोटे कार्यक्रम महाराष्ट्रात वर्षभर होत असतात. श्रोते पन्नास-साठ, फार तर दीडशे. कार्यक्रम ठरला की मंडपवाल्याला फोन जातो आणि त्याच्याकडे असेल ती सामग्री येऊन पडते. मंचाच्या दोन्ही अंगांना माणसाच्या उंचीचे स्पीकर उभे राहतात, समोरासमोर बसून ऐकण्याजोग्या वाद्यांनाही माइक लागतात, आणि मागे मिक्सरवर बसलेला माणूस हे गाणे बहुधा पहिल्यांदाच ऐकत असतो. मग पेटी गाण्यावर चढते, पहिली रांग मागे सरकते आणि गायकाचा हात सुरांपेक्षा ‘वाढवा’, ‘कमी करा’ या खुणांतच गुंततो. तंतुवाद्य आणि गळा यांच्यासाठीच बनवलेला, एका हाताने उचलता येणारा अ‍ॅम्प्लिफायर आज बाजारात सहज मिळतो. छोट्या कार्यक्रमांचे ध्वनिवर्धन अशा लहान यंत्रानेच व्हावे, ते कलाकाराच्या हाताशी असावे आणि मोठी यंत्रणा मोठ्या जागेसाठी राखावी, असे माझे ठाम मत आहे.

या यंत्रात अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असतात. इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प आवाजाला मुद्दाम स्वतःचा रंग चढवतो. अकूस्टिक अ‍ॅम्प मात्र लाकडाचा, तारेचा आणि गळ्याचा आवाज शक्य तितका आहे तसा पोचवण्यासाठी घडवलेला असतो. रोलंडचा एसी-33 हा 30 वॅटचा अ‍ॅम्प आठ पेन्सिल सेलवरही चालतो. जर्मनीच्या एईआर कंपनीचा कॉम्पॅक्ट 60 आणि फिशमनचा लाउडबॉक्स मिनी हे 60 वॅटचे आहेत. यांतल्या बहुतेकांना दोन चॅनेल असतात, एक वाद्याचा आणि एक माइकचा, आणि दोघांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. खरी खुबी वाद्याच्या इनपुटमध्ये आहे. घोडीखाली बसवलेला पायझो पिकअप मिक्सरच्या साध्या इनपुटला थेट जोडला की खालचे स्वर गळतात आणि तार पत्र्यासारखी वाजते, कारण त्या पिकअपला फार जास्त अवरोधाचे, म्हणजे दहा लाख ओहमच्या घरातले किंवा त्याहून मोठे इनपुट लागते. अकूस्टिक अ‍ॅम्पमध्ये ते आधीच असते. शिवाय शिट्टी मारणाऱ्या सुराची नेमकी तेवढीच पट्टी कापणारा नॉच फिल्टर आणि फेज उलटवणारे बटण अशा सोयी अनेक मॉडेलांत असतात. माइक शिट्टी मारू लागला की सगळाच आवाज खाली आणायची वेळ त्यामुळे सहसा येत नाही.

पहिला प्रश्न असा येतो की 60 वॅट पुरतील का. इथे अंदाजापेक्षा गणित उपयोगी पडते. साधारण स्पीकर 1 वॅट शक्तीवर 1 मीटर अंतरावर 90 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. शक्ती दहापट केली की आवाज 10 डेसिबलने वाढतो, म्हणून 60 वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण क्षमतेने सुमारे 108 डेसिबलपर्यंत जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल कमी होतात. म्हणजे 16 मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत 80 डेसिबलहून जास्त आवाज पोचतो. एक मीटरवरून चाललेला साधा संवाद 60 डेसिबलचा असतो. सोळा मीटर म्हणजे सोसायटीच्या सभागृहाची बहुधा शेवटची भिंत, आणि बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज यात आणखी भर घालतो. 60 वॅटच्या जागी 600 वॅट आणले तर कानाला आवाज दहापट वाटत नाही, जेमतेम दुप्पट वाटतो. मागच्या रांगेला ऐकू येत नाही, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा स्पीकरच्या जागेत असते. पहिल्या रांगेपासून 1 मीटरवर जमिनीलगत ठेवलेल्या स्पीकरचा आवाज 16 मीटरवरच्या रांगेत 24 डेसिबलने उतरलेला असतो, म्हणून मागच्यांसाठी आवाज वाढवला की पुढच्यांचे कान फुटतात. तोच स्पीकर आणखी 3 मीटर मागे नेऊन कानांच्या पातळीवर उचलून ठेवला, तर पहिल्या आणि शेवटच्या रांगेतला फरक साडेतेरा डेसिबलवर येतो. एक उंच स्टूल आणि थोडा विचार यांनी जे साधते ते जास्तीच्या वॅटांनी साधत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न संगीताचा आहे. आपल्याकडे माइकला नावे ठेवण्याची एक रीत आहे. तिच्याशी मी सहमत नाही. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा नटाला शेवटच्या प्रेक्षकापर्यंत गळ्याच्याच जोरावर पोचावे लागे, आणि उंच पट्टीतली, खुली, फेकीची गायकी त्यातून घडली. पुढे माइक, ध्वनिमुद्रिका आणि रेडिओ आले. कुजबुजीइतका हळू शब्दही ऐकू जाऊ लागला. भावगीताचा मृदू उच्चार आणि खर्जातली ठेहरावाची आलापी श्रोत्यांपर्यंत नीट पोचली. ध्वनिवर्धकाने आपल्या गाण्याला बरेच काही दिले आहे. पण त्याने जे दिले ते सूक्ष्म आवाज ऐकू येण्यातून दिले, आणि अवाढव्य यंत्रणा लहान खोलीत आणली की नेमके तेच हरवते. मींड संपताना उरणारा स्वर, कीर्तनकाराने शब्द थांबवून घेतलेला श्वास, डग्ग्यावरची घिसण हे सारे एका सपाट मोठ्या आवाजात बुडते. लहान अ‍ॅम्प कलाकाराच्या बाजूला, किंचित मागे ठेवला की श्रोते ऐकतात तोच आवाज तोही ऐकतो, आणि तो आवाज गाणाऱ्याच्याच दिशेने येतो. वेगळा मॉनिटर लागत नाही, खुणा कराव्या लागत नाहीत, हात लांबवून बटण फिरवले की काम झाले. आवाज किती हवा हा निर्णयही गाण्याचाच भाग आहे आणि तो गाणाऱ्याने घेतला पाहिजे.

तबल्याचे, ढोलकीचे, टाळांचे काय, असा आक्षेप साथीदार घेतील. त्याचे उत्तर ध्वनिवर्धनाच्या पद्धतीत आहे. साठ माणसांच्या खोलीत तबल्याला, पेटीला किंवा टाळांना माइकची गरज नसते. सर्वांत बुलंद वाद्य जसे आहे तसे वाजू द्यावे आणि गळा, सतार, गिटार असे नाजूक आवाज तेवढेच त्याच्या पातळीपर्यंत उचलावेत. आज नेमके उलटे होते: डग्ग्याला माइक लागतो, मग गळ्याला त्याच्यावर चढवावे लागते, मग पेटीला, आणि अर्ध्या तासात सगळेच एकमेकांवर ओरडू लागतात. अर्थात या यंत्राच्या मर्यादाही खऱ्या आहेत. पाचशे माणसांचे मैदान, दहा-बारा वादकांचा वृंद, लांबलचक नाट्यगृह इथे जाणकार ध्वनिसंयोजक आणि पूर्ण यंत्रणाच हवी. बहुतेक अकूस्टिक अ‍ॅम्पना मोठ्या यंत्रणेशी जोडण्याची सोय असते. म्हणजे मोठ्या मंचावरही कलाकाराचा आवाज त्याच्याच अ‍ॅम्पमधून घडून पुढे जाऊ शकतो. यातून ध्वनिसंयोजकाची भाकरी जाईल ही भीतीही मला पटत नाही. मोठ्या कार्यक्रमांत त्याच्या कौशल्याला पर्याय नाही, आणि छोट्या कार्यक्रमांत आज बहुतेक ठिकाणी त्याचे कौशल्य नव्हे, तर फक्त सामान भाड्याने घेतले जाते.

कायद्याची बाजूही याच दिशेला बोट दाखवते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावला तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलहून जास्त किंवा 75 डेसिबलच्या वर जाता कामा नये; यांपैकी जी मर्यादा कमी ती लागू. म्हणजे निवासी वस्तीत दिवसा 65. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत बंदिस्त सभागृहासारखे अपवाद सोडता ध्वनिवर्धकाला मनाई आहे. लहान अ‍ॅम्प आणला म्हणून हे नियम सुटत नाहीत. उघड्यावर त्यालाही परवानगी लागते, आणि पूर्ण आवाजात तोही मर्यादा ओलांडू शकतो. फरक इतकाच की आवश्यक तेवढाच आवाज देणारे यंत्र मर्यादेत ठेवणे सोपे जाते. डीजेच्या भिंतींवर दर गणेशोत्सवात वाद होतो आणि तो झालाच पाहिजे. पण मर्यादेत राहूनही कार्यक्रम रंगतो हे दाखवण्याची जबाबदारी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांवर आणि सुसंस्कृत म्हणवणाऱ्या संस्थांवरही आहे.

राहिला खर्चाचा प्रश्न. नामांकित परदेशी अ‍ॅम्प स्वस्त नाहीत आणि तरुण कलाकाराला ती रक्कम जड जाते, हे खरे. म्हणूनच ही खरेदी एकट्या कलाकारावर सोडू नये. भजनी मंडळे, वाचनालये, महिला मंडळे, गृहनिर्माण संस्था वर्षातून अनेकदा स्पीकरचे भाडे भरतात. एकदाच एक चांगला छोटा अ‍ॅम्प, दोन माइक आणि एक स्टँड घेऊन कपाटात ठेवला, तर तो कित्येक वर्षे सर्वांच्या उपयोगी पडेल. बॅटरीवर चालणारा घेतला तर गावातली वीज गेली तरी कीर्तन थांबणार नाही. संगीत शिकवणाऱ्या संस्थांनीही विद्यार्थ्याला माइक किती अंतरावर धरायचा, शिट्टी कशी थांबवायची, स्पीकर कुठे ठेवायचा हे रागांइतक्याच गांभीर्याने शिकवावे. आणि संयोजकांना एक विनंती: पुढचा कार्यक्रम ठरवताना मंडपवाल्याला फोन करण्याआधी श्रोते किती आणि खोली किती लांब हे बघा, आवाज किती हवा हे कलाकाराला विचारा, आणि मगच सामान मागवा.