पावलाचा ठसा

गेल्या दिवाळीत मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात बुडी घेतली. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे भोवती जमले. दम घ्यायला खालच्या खडकावर पाय टेकला. वर येताच वाटाड्याने सुनावले, "खडक नाय तो, जितो जीव आसा!"

ते प्रवाळ होते. इवल्या प्राण्यांची वसाहत. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढते. मोडायला एक टाच पुरते. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. पण पाण्याखाली पहारा कोण देणार? तो प्रत्येकाने आपल्याच पायांवर ठेवायला हवा. मित्रहो, किल्ल्यात महाराजांच्या पावलाचा म्हणून एक ठसा आपण भक्तिभावाने जपला आहे. तटाबाहेर आपल्या पावलाचा ठसा न उमटावा, एवढे तरी जपूया!