‘छू’ कळतं, ‘थांब’ कळत नाही! सिल्लोडच्या शेतवस्त्यांवरील कुत्र्यांचा प्रश्न नुसत्या साखळीने सुटणार का?

सिल्लोड : मोकाट कुत्र्यांचा विषय गेल्या वर्षभरात गल्लीपासून थेट दिल्लीपर्यंत गाजला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२५ रोजी या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर गदारोळ झाला आणि २२ ऑगस्टला आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडा, मात्र पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडू नका, असं न्यायालयाने सांगितलं. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं आणि क्रीडा संकुलं यांच्या आवारातील कुत्री हटवून परत तिथे न सोडण्यास सांगितलं.

आदेश देशभरासाठी आहे, म्हणजे सिल्लोडच्या बसस्थानकालाही लागू आहे आणि अंभई, घाटनांद्रा, शिवन्याच्या शाळेलाही. पण तालुक्यातील खेड्यांचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. कारण शहरात कुत्रं एक तर पाळीव असतं, नाही तर मोकाट. खेड्यात तिसराच प्रकार जास्त. त्याला मालक आहे, नाव आहे, रोजची भाकरी आहे; पण गळ्यात पट्टा नाही, लस नाही आणि शिस्त तर अजिबात नाही. दिवसभर ते वावरात, रस्त्यावर फिरतं आणि रात्री गोठ्यासमोर बसतं. चावलं की मात्र मालक म्हणतो, ‘ते आमचं नाही, गावाचं आहे.’

या ‘अर्ध्या मालकीच्या’ कुत्र्याचं काय करायचं, हा खेड्यातला खरा प्रश्न आहे.

दोनच शब्दांचं शिक्षण

आपल्याकडच्या वस्तीवरील कुत्र्याला साधारण दोनच शब्द कळतात. एक ‘छू’, दुसरा ‘हाड’. पहिला अंगावर सोडायला, दुसरा हाकलायला. ‘थांब’, ‘ये’, ‘बस’, ‘सोड’ हे शब्द शिकवायची पद्धतच नाही. त्यामुळे दूधवाल्याच्या मोटारसायकलमागे कुत्रं धावलं की मालक लांबून नुसता ओरडत राहतो. कुत्र्याला वाटतं, मालकही आपल्यासोबत भुंकतोय. ते आणखी जोरात धावतं.

शाळेत पायी जाणारी लेकरं, पहाटे मिरची तोडायला निघालेल्या बाया, रात्रीची लाइट आली म्हणून मोटार सुरू करायला जाणारा शेतकरी, या सगळ्यांना दुसऱ्याच्या वस्तीवरून जावं लागतं. तिथलं कुत्रं आवरणारं कुणी नसेल, तर वाटेवरची भांडणं पोलीस ठाण्यापर्यंत जायला वेळ लागत नाही.

कायदा इथे स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या भारतीय दंड संहितेत हाच दंड एक हजारापर्यंत होता. शिवाय २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव जनावराचं लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. म्हणजे भाकरी घालायची आणि जबाबदारी गावावर ढकलायची, हे यापुढे चालणारं नाही.

बांधून ठेवलं म्हणजे झालं का?

यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘बांधून टाकू.’ लोखंडी साखळी आणायची, गोठ्याच्या खांबाला अडकवायची, विषय संपला. उलट ‘बांधलं की कुत्रं तिखट होतं, राखण चांगली करतं’ असाही समज आहे.

कुत्रं तिखट होतं हे खरं. पण ते राखण करण्यासाठी नव्हे, भीतीने. चार हाताच्या साखळीत अडकलेल्या कुत्र्याला पळून जायचा रस्ता नसतो. जवळ येणारा प्रत्येक जण त्याला धोका वाटतो, मग पाव्हणा असो की घरातलं रांगणारं लेकरू. अशी साखळी एखाद्या दिवशी तुटली की काय होतं, हे कुणाला सांगायला नको.

यातही कायदा आहे आणि तो आजचा नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्ये दोन गोष्टी लिहिल्या आहेत. जनावराला फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. आणि कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवून आणलं नाही, तर तोही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! एवढ्या दंडाला कोण भिणार? म्हणून साठ वर्षं होऊन गेली तरी हे कलम गावात कुणाच्या कानावर नाही.

तिसरा धोका बिबट्याचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून असलेल्या वस्त्यांना त्याची भीती सांगावी लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं अभ्यासलं. वजनाच्या हिशेबाने त्यात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. उघड्यावर आखूड साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताटच. धनगरांनी आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात काटेरी पट्टे घातले ते उगीच नाही. रात्री कुत्रं बंद गोठ्यात किंवा जाळीच्या आत असलं, तर तेही वाचतं आणि बिबट्याची वस्तीकडची फेरीही कमी होते.

गावठी कुत्रं शिकतं का?

‘शिकवणं हे शहरातल्या लोकांचं काम, गावठी कुत्र्याला काय कळतं’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दोन-तीन उदाहरणं पुरेशी आहेत.

मराठवाड्यातलंच घ्या. बीड पोलिसांच्या रॉकी या श्वानाने ३०० हून अधिक गुन्ह्यांच्या तपासात मदत केली. ऑगस्ट २०२० मध्ये त्याला पोलिसांनी सन्मानाने निरोप दिला, आणि त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. त्याआधी १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉर श्वानाने तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं होतं.

‘ही तर विलायती जात’ असं कुणी म्हणेल. तर मग रिया बघा. सीमा सुरक्षा दलाची ही मुधोळ जातीची कुत्री. लखनऊच्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये तिने विदेशी जातींना मागे टाकून पहिला नंबर मिळवला. ऑक्टोबर २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये तिचंही नाव आलं. मुधोळ म्हणजे बागलकोट जिल्ह्यातलं गाव. आपल्या मराठवाड्यात लातूर-नांदेडकडे जो कारवान कुत्रा सांभाळतात, तो याच घराण्यातला. त्यामुळे कुत्रं देशी आहे म्हणून शिकत नाही, हे म्हणणं टिकत नाही. गल्लीतलं साधं कुत्रं बॉम्ब शोधणार नाही. पण ‘थांब’ म्हटल्यावर थांबायला त्याला बॉम्ब शोधावा लागत नाही.

दुसरी शंका अशी की शिकवलेलं कुत्रं राखण सोडून देतं. हेही उलटं आहे. राखण म्हणजे भुंकून खबर देणं. चावणं म्हणजे राखण नव्हे. पोलिसांचा श्वान सगळ्यात जास्त हुकूम पाळतो, म्हणूनच तो सगळ्यात जास्त कामाचा असतो.

पट्टा, दोरी आणि सहा शब्द

हे काम महागडं नाही. एक रुंद पट्टा, पाच-सहा फुटांची सुती दोरी आणि खिशात भाकरीचे चार वाळलेले तुकडे, एवढंच सामान. पट्ट्याखाली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. तार, नायलॉनची बारीक दोरी किंवा फास बसणारी गाठ वापरू नये, गळा कापतो.

पहिले तीन-चार दिवस फक्त पट्टा घालायचा, तोही खायला देताना. मग दोरी अडकवून अंगणात नजरेसमोर तशीच ओढू द्यायची. दोरीची भीती गेली की चालायला घ्यायचं. कुत्र्याने ताण दिला की माणसाने जागीच उभं राहायचं. मागे हिसका द्यायचा नाही, ओरडायचं नाही. दोरी ढिली झाली की ‘चल’ म्हणून पुढे निघायचं आणि तुकडा द्यायचा. ओढलं तर वाट बंद, ढिलं सोडलं तर वाट चालू, एवढा हिशेब कुत्र्याला काही दिवसांत कळतो.

शब्द सहाच ठेवा : चल, ये, बस, थांब, सोड, घरी. घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. पोरगा ‘सिट’ म्हणतो, आजोबा ‘खाली बैस’ म्हणतात आणि गडी काठी दाखवतो, असं असेल तर कुत्र्याचा दोष नाही. खायला देण्याआधी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढा वेळ पुरतो. भरल्या पोटी आणि भर उन्हात शिकवू नये.

‘ये’ हा शब्द सगळ्यात मोलाचा आणि आपल्याकडे तोच सगळ्यात जास्त बिघडवला जातो. कुत्रं कोंबडीमागे पळतं, मालक ‘ये ये’ करून बोलावतो, आल्यावर दोन काठ्या हाणतो. कुत्र्याला कोंबडीचं काही आठवत नाही. ‘ये’ म्हटल्यावर गेलं की मार बसतो, एवढंच ते शिकतं. पुन्हा येत नाही. म्हणून बोलावल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये, कितीही राग आला तरी.

‘थांब’ एका पावलापासून सुरू करायचं. थांबलं की तुकडा, मग दोन पावलं, मग दहा. ‘सोड’ शिकवताना तोंडातली वस्तू हिसकायची नाही. बदल्यात तुकडा दाखवायचा. हे शब्द शेतात फार कामाला येतात. हरणामागे किंवा रानडुकरामागे कुत्री सोडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे शिकारीत मोडू शकतो. कुत्रं स्वतःहून धावलं तरी परत बोलावता आलं, तर मालक अडचणीत येत नाही.

पिल्लू दोन महिन्यांचं झालं की सुरुवात करता येते. मोठं कुत्रंही शिकतं, वेळ जास्त लागतो. पण जे आधीच माणसाला चावलेलं आहे, त्याच्यावर घरी प्रयोग नको. तोंडाला जाळी आणि पशुवैद्यकाचा सल्ला, हाच रस्ता.

खरा धोका रेबीजचा

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशात ३७ लाख १७ हजार कुत्रा चावल्याच्या घटनांची नोंद झाली. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचत नाही. म्हणून चावल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं महत्त्वाची. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. मिरची पूड, चुना, हळद, तेल काहीही लावायचं नाही. आपला तालुका मिरचीचा, त्यामुळे जखमेवर तिखट भरायची खोड इथे सुटली पाहिजे. त्यानंतर लगेच सरकारी दवाखाना. त्वचेत देण्याची लस त्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर सोबत जखमेत सिरमही द्यावं लागतं. दोन डोस घेऊन सोडून देणं म्हणजे जिवाशी खेळ.

इथेच पट्ट्याचा खरा उपयोग दिसतो. कुत्रं कुणाचं हे माहीत असेल, ते हाताला येत असेल, तर चावल्यानंतर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवता येतं आणि डॉक्टरांना पुढचा निर्णय घ्यायला मदत होते. आणि दरवर्षी लस टोचायची तर कुत्रं दोरीला उभं तरी राहिलं पाहिजे. पट्टा माहीत नसलेल्या कुत्र्याला इंजेक्शन द्यायला चार माणसं लागतात, म्हणून मालक नेतच नाही. गोठ्यातल्या गाईला पिसाळलेलं कुत्रं चावलं तर नुकसान दुभत्या जनावराचं, हेही विसरता येत नाही.

ग्रामपंचायतीला काय करता येईल

नसबंदी केंद्र उभारणं लहान ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नाही. पण तीन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. पहिली, गावातील पाळीव कुत्र्यांची मालकाच्या नावासह वही. दुसरी, २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने लसीकरण, आणि लस दिलेल्या कुत्र्याला एका रंगाचा पट्टा. म्हणजे कुठलं टोचलेलं, कुठलं राहिलेलं, हे लांबूनच कळेल. तिसरी, ग्रामसभेत ठराव : ज्याच्या दारात भाकरी, त्याच्या नावावर कुत्रं.

हे स्वप्नरंजन नाही. साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्याने गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषणा केली.

न्यायालयाचा आदेश बसस्थानक आणि शाळेच्या फाटकापर्यंत येऊन थांबतो. फाटकापासून वस्तीपर्यंतचा दोन किलोमीटरचा रस्ता लेकरांना रोज चालायचा असतो. त्या रस्त्यावरची कुत्री बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या भाकरीवर वाढलेली आहेत. त्यांना ‘थांब’ शिकवायला ना न्यायालय येणार, ना नगर परिषदेची गाडी. ते काम भाकरी घालणाऱ्याचंच आहे.