विश्लेषण : अंडे खावे की टाळावे? उत्तर खाणाऱ्यावर अवलंबून!

व्यायामशाळेत जाणारा तरुण दिवसाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा भाग खातो आणि पिवळा बलक फेकून देतो. पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ कोलेस्टेरॉलच्या धास्तीने अंड्याला हातच लावत नाही. दुसरीकडे, महाराष्ट्रातील शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी बंद झाला. शाळांना अंडी द्यायची असतील तर ती लोकसहभागातून द्यावीत, असे सांगण्यात आले. अंडे खरोखर अपायकारक आहे का, आणि ते ताटातून गेल्याने सर्वाधिक नुकसान कोणाचे होते, याचा हा आढावा.

एका अंड्यात असते काय?

सुमारे ५० ग्रॅमच्या अंड्यातून ७० ते ७५ कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. शरीराला बाहेरूनच मिळवावी लागणारी सर्व अमिनो आम्ले त्यात योग्य प्रमाणात असतात. मेद साधारण पाच ग्रॅम असतो, त्यातील संपृक्त मेद दीड ग्रॅमच्या आसपास. ब १२, अ आणि ड ही जीवनसत्त्वे, मेंदूच्या वाढीसाठी लागणारे कोलिन आणि डोळ्यांसाठी उपयुक्त ल्युटिन हे सारे मुख्यतः पिवळ्या बलकात असते. कोलेस्टेरॉलही तिथेच, सुमारे १८० ते २०० मिलिग्रॅम. म्हणजे बलक टाकणारा माणूस कोलेस्टेरॉलसोबत अंड्यातील बहुतेक जीवनसत्त्वेही टाकून देतो. अर्थात अंडे म्हणजे पूर्ण आहार नव्हे. त्यात तंतुमय पदार्थ नाहीत, क जीवनसत्त्वही नाही. टरफल पांढरे की तपकिरी, याने पोषणमूल्यात फरक पडत नाही. तो केवळ कोंबडीच्या जातीचा भाग आहे.

भीती आली कुठून?

१९१३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचले. ससा शाकाहारी प्राणी. त्याचे शरीर आहारातील कोलेस्टेरॉल माणसासारखे हाताळू शकत नाही. तरीही रक्तवाहिन्यांच्या आजारात कोलेस्टेरॉलचा हात असतो, ही दिशा त्यातून मिळाली आणि ती पुढे खरी ठरली. १९६८ मध्ये ‘अमेरिकन हार्ट असोसिएशन’ने दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नयेत, असा सल्ला दिला. तिथून अंड्यावर जो शिक्का बसला, तो जगभर पसरला.

मर्यादा का हटवली?

रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत तयार करते. आहारातून ते जास्त आले की बहुतेकांचे यकृत आपले उत्पादन कमी करते. रक्तातील ‘एलडीएल’ म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल पेशी कशा उचलतात, हे उलगडल्याबद्दल मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. संपृक्त मेद वाढला की यकृताची हे ‘एलडीएल’ उचलण्याची क्षमता मंदावते. त्यामुळे लोणी, तूप, वनस्पती तूप, चरबीयुक्त मांस यांचा परिणाम अंड्यातील कोलेस्टेरॉलपेक्षा जास्त ठरतो. अमेरिकेच्या २०१५ ते २०२० च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा वगळली गेली. मात्र कोलेस्टेरॉल बेताने खावे, ही सूचना कायम राहिली.

अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट का?

२०१९ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात २९ हजार ६१५ अमेरिकी प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज अर्धे अंडे जास्त खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सहा टक्के अधिक आढळला. हा आकडा तुलनात्मक आहे. प्रत्यक्ष धोक्यातील वाढ साधारण एक टक्क्याची होती. पुढच्याच वर्षी ‘बीएमजे’मध्ये दोन लाखांहून अधिक अमेरिकी लोकांच्या अभ्यासात दिवसाला एका अंड्यापर्यंत धोका वाढलेला दिसला नाही. चीनमधील चार लाखांहून अधिक लोकांच्या २०१८ च्या अभ्यासात तर रोज अंडे खाणाऱ्यांत पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले.

हे सर्व निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. अमेरिकेत अंडे बहुधा बेकन, सॉसेज आणि लोणी लावलेल्या टोस्टसोबत येते; चीनमध्ये भात, नूडल्स, भाज्यांसोबत. शिवाय चीनच्या ग्रामीण भागात रोज अंडे परवडणारा माणूस तुलनेने सुस्थितीतला असतो. परिणाम अंड्याचा, सोबतच्या पदार्थांचा की राहणीमानाचा, हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. म्हणूनच एखाद्या अभ्यासावरून अंड्याला अमृत किंवा विष ठरवणे चुकीचे आहे.

जपून कोणी खावे?

‘अमेरिकन हार्ट असोसिएशन’नेच २०१९ मध्ये निरोगी व्यक्तीला दिवसाला एक पूर्ण अंडे चालेल, असे म्हटले. मधुमेहींबाबत मात्र चित्र तितके स्वच्छ नाही. काही अभ्यासांत त्यांच्यातील धोका वाढलेला दिसतो. आनुवंशिकतेने ज्यांचे कोलेस्टेरॉल खूप जास्त असते, तसेच काही जणांत आहारातील कोलेस्टेरॉलने रक्तातील पातळी इतरांपेक्षा अधिक वाढते. अशांनी, आणि हृदयविकार असलेल्यांनी, रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळणेच योग्य.

कच्चे, उकडलेले की तळलेले?

कच्चे अंडे अधिक ताकद देते, हा समज खोटा आहे. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने पचतात, कच्च्यातील जेमतेम निम्मी. शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. उकडलेले अंडे सर्वांत साधे आणि सुरक्षित. गाडीवरच्या बुर्जीत आरोग्याचा प्रश्न अंड्यापेक्षा त्यावर सोडलेल्या लोण्याचा, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचा आणि सोबतच्या पावांच्या संख्येचा असतो.

मुलांना अंडे का हवे?

लहान मुलाचे पोट लहान असते. भरपूर भात आणि पातळ वरण खाऊन पोट भरते, पण वाढीला लागणारी प्रथिने आणि ब १२ पुरेसे मिळत नाहीत. अंडे थोड्या जागेत खूप देते. इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिल्यावर वाढ खुंटण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१७ मध्ये नोंदले गेले. मालावीत तसाच प्रयोग केला असता असा फरक दिसला नाही. तिथे मुलांच्या आहारात मासे आधीपासून होते. यातून निघणारा धडा सरळ आहे. जिथे ताटात प्राणिज प्रथिने जवळपास नाहीत, तिथे अंड्याचा फायदा सर्वाधिक.

महाराष्ट्र यापैकी कुठे बसतो, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने (२०१९-२१) सांगितले आहे. राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी, तर ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी आढळले. देशात २०२३-२४ मध्ये दरडोई वर्षाला १०३ अंडी उपलब्ध होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस १८० ची आहे.

न खाणाऱ्यांचे काय?

अंडे न खाणे हा अनेक कुटुंबांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण पर्याय तोलामोलाचा हवा. शाळांत अंड्याऐवजी केळे देण्यात येत होते. केळ्यातून ऊर्जा मिळते, प्रथिने मात्र एका ग्रॅमच्या आसपास. त्याऐवजी पेलाभर दूध सहा ग्रॅमच्या जवळपास प्रथिने आणि ब १२ ही देते. मूठभर शेंगदाण्यांतून प्रथिने तेवढीच मिळतात, ब १२ मिळत नाही. म्हणजे निवडीला जागा ठेवूनही पोषण राखता येते. राज्यातच आदिवासी भागातील बालकांना अमृत आहार योजनेतून आठवड्यातून चार दिवस अंडे देण्याची तरतूद आहे. तमिळनाडूत शाळकरी मुलांना आठवड्याचे पाच दिवस ते मिळते.

अंड्याविषयीची शंका ही मुख्यतः पोट भरलेल्या, बैठे काम करणाऱ्या शहरी प्रौढांची आहे आणि तिचे उत्तर बेताने खाण्यात आहे. मेळघाट किंवा नंदुरबारमधल्या मुलासमोरचा प्रश्न अंडी जास्त झाल्याचा कधीच नव्हता. गाव सधन असेल तर लोकवर्गणीतून अंडी येतीलही. पण ज्या गावात वर्गणी जमणार नाही, तिथल्याच मुलांना त्यांची सर्वाधिक गरज आहे. पोषणाचा खर्च वर्गणीवर सोपवताना सरकारने एवढा हिशेब तरी करायला हवा होता.